दारात कोण उभं आहे ते आजीला कळायचं

मागच्या मंगळवारी सकाळी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो आला. गेटवरच्या सीसीटीव्हीचा, धुरकट. भगवा फेटा, मळकं धोतर, खांद्याला झोळी, वय झालेला माणूस. खाली मेसेज, "हा बाबा बी विंगजवळ फिरून राहिला आहे, कोणीही दार उघडू नका, मुलांना खाली पाठवू नका." आणि मग सुरूच झालं, कोणी म्हणे हे रेकी करायला येतात, कोणी म्हणे पोलिसांना फोन करा, कोणी म्हणे आधी वॉचमनला काढा, दहा मिनिटांत साठ-सत्तर मेसेज. मी डबे भरून राहिले होते, एका हाताने फोटो मोठा करून पाहिला आणि पोळी तव्यावरच राहिली, कारण त्या माणसाच्या काखेत किंगरी होती.

किंगरी म्हणजे भोपळ्याचं, तारेचं साधं वाद्य. ते वाजवत गोपीचंद-भर्तृहरीची, म्हणजे राज्य सोडून जोगी झालेल्या राजांची गाणी म्हणत दारोदार फिरणारे म्हणजे नाथजोगी. विदर्भात पिढ्यान्पिढ्या फिरणारी माणसं. मी गॅस बंद केला आणि खाली गेले.

तोपर्यंत वॉचमनने त्यांना बाहेर काढलं होतं. रस्त्यापलीकडे नालीच्या कठड्यावर बसले होते, चप्पल काढून पाय चोळून राहिले होते. मी विचारलं, "बाबाजी, कोठचे?" तर उत्तर द्यायच्या आधी त्यांनी झोळीत हात घातला आणि एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत आधार कार्ड, आणि चार घड्या घातलेला एक कागद, पोलीस ठाण्यात नोंद केल्याचा, शिक्का मारलेला. दोन्ही माझ्यासमोर धरून म्हणाले, "भंडाऱ्याकडचा आहो बाई, चोर नाही आहो." मी काही मागितलंच नव्हतं. कोठचे, एवढंच विचारलं होतं. त्यांना त्या प्रश्नाचा अर्थ आता कागद दाखवा असा झाला आहे, हे मला दिवसभर टोचत राहिलं.

माझ्या आजीचा हाच प्रश्न होता. नागपूरच्या महाल भागात, गांधी गेटच्या आतल्या आमच्या जुन्या वाड्यात, दारावर कोणी भगवं, पांढरं, काळं नेसून उभं राहिलं की आजी पदर सावरत बाहेर यायची आणि पहिलं वाक्य हेच, "महाराज, कोठचे?" म्हणजे गाव नाही, परंपरा. आणि ते सांगायच्या आधीच बहुतेक वेळा तिला कळलेलं असायचं. मला सात-आठ वर्षांची असताना ती जादू वाटायची, नंतर कळलं की ती वाचायची. आपण जशी दुकानाची पाटी वाचतो तशी ती माणूस वाचायची, कपाळ, गळा, कान, हात या क्रमाने.

कपाळावर भस्माचे तीन आडवे पट्टे, गळ्यात रुद्राक्ष, तर शैव. उभी रेघ, गळ्यात तुळशीची माळ, तर वैष्णव. उभ्या दोन पांढऱ्या रेघांत मधे लाल, ओठावर "जय सीताराम", तर रामानंदी बैरागी. कान मधोमध चिरून त्यात जाड कुंडलं, तर कानफाटे नाथ, त्यांना ती "आदेश" म्हणायची कारण ते एकमेकांना तसंच म्हणतात. हातात कापडात गुंडाळलेला दंड, तर दंडी संन्यासी, आणि मग आजी एकदम वेगळी व्हायची, आवाज खाली.

पण तिचं खरं ज्ञान कोण कोण आहे यात नव्हतं, कोणाला काय द्यायचं यात होतं. बैरागी आला तर शिधा, म्हणजे कच्चं: सुपात तांदूळ किंवा कणीक, वर वाटीत डाळ, मिठाचा खडा, हिरवी मिरची, आणि असेल तर चमचाभर तूप पळसाच्या पानावर. कारण तो आपल्या हाताने रांधून ठाकुरजींना नैवेद्य दाखवून मग खातो, दुसऱ्याच्या हातचं शिजलेलं सहसा घेत नाही. दंडी स्वामींना मात्र कच्चं द्यायचंच नाही. मी एकदा उत्साहात तांदळाचं सूप घेऊन धावत आले तर आजीने माझा हात धरला, "अवं पोरी, त्याईले कच्चं नाही देऊ, ते इस्तवाले शिवत नाहीत, रांधतीन कोठून?" संन्यास घेताना अग्नी सोडलेला असतो. होम नाही, चूल नाही. म्हणून त्यांना शिजलेलं अन्न, बसवून, आणि जेवढं खातील तेवढंच, बांधून काही नाही, कारण उद्यासाठी ठेवणं हेच त्यांनी सोडलेलं असतं. रामदासी "जय जय रघुवीर समर्थ" म्हणत मनाचे श्लोक म्हणत यायचा, त्याच्या झोळीत कोरडी भिक्षा. मोरपिसांची टोपी घातलेला वासुदेव अगदी पहाटे, त्याला धान्य, आणि तो दान पावलं म्हणत घरातल्या गेलेल्या माणसांची नावं घ्यायचा तेव्हा आजी दाराच्या चौकटीला हात लावून उभी राहायची. पितळेचं मापटं होतं तिचं, काठाला थोडं चेपलेलं, ते भरून वर शीग यायलाच पाहिजे, सपाट मापटं कोणाच्या झोळीत टाकलेलं मी पाहिलं नाही.

विचार करा, ती शाळेत चौथीपर्यंत गेलेली बाई. तिला कोणी धर्मशास्त्र शिकवलं नव्हतं. पण दारातल्या माणसाने आयुष्यात नेमकं काय सोडलं आहे हे तिला माहीत होतं, आणि त्याने जे सोडलं आहे ते आपल्या हातून त्याच्यावर पुन्हा लादलं जाऊ नये याची ती काळजी घ्यायची. मला यापेक्षा मोठा आदर माहीत नाही.

आता आपल्याकडे एकच शब्द उरला आहे, बाबा. चांगला असला तरी बाबा, भोंदू असला तरी बाबा, पोट भरायला गाणं म्हणत फिरणारा असला तरी बाबा. मराठीत याच्यासाठी किती शब्द होते, साधू, संन्यासी, बैरागी, गोसावी, जोगी, अवधूत, महंत, बुवा, आणि हे सगळे वेगवेगळे लोक आहेत हो, एकाच माणसाची वेगवेगळी नावं नाहीत.

गोसावीच घ्या. शंकराचार्यांच्या परंपरेतल्या संन्याशांची दहा नावं, तीर्थ, आश्रम, वन, अरण्य, गिरी, पर्वत, सागर, सरस्वती, भारती, पुरी. म्हणून दशनामी. शृंगेरी, द्वारका, पुरी आणि बद्रीनाथच्या वाटेवरचं ज्योतिर्मठ या चार मठांशी ही दहा नावं जोडलेली. नृसिंह सरस्वती हे आपल्या विदर्भातल्या कारंज्याचे, त्यांच्या नावातलं सरस्वती म्हणजे हेच, आणि टेंबे स्वामी म्हणजे वासुदेवानंद सरस्वती, ते पण. आपण रोज आरतीत नावं घेतो आणि ते आडनाव नाही, संन्यासाचं घराणं आहे, हे आपल्या लक्षातही येत नाही. पुढे या दशनाम्यांतले बरेच जण संसारी झाले, त्यांची घरं झाली, गावं झाली, अठराव्या शतकात तर गोसावी व्यापार करायचे, सावकारी करायचे, फौजेतही होते. आपल्या ओळखीत गिरी, पुरी, भारती आडनावाचं कोणी असेल तर बहुतेक वेळा ती ही मंडळी. माझ्या ऑफिसातले एक सहकारी अशा घरातले आहेत, त्यांचे वडील गेले तेव्हा आम्ही गेलो तर सरण नव्हतं, बसवून समाधी दिली. संन्याशाला जाळत नाहीत, कारण अग्नी त्याने आधीच सोडलेला असतो, आणि घर संसारी होऊन कित्येक पिढ्या झाल्या तरी ही एक गोष्ट त्यांनी जपली आहे. मातीत मीठ टाकत असताना त्यांचा मुलगा हळू आवाजात "ओम नमो नारायणाय" म्हणत होता, ते माझ्या कानातून अजून गेलं नाही.

दंडी स्वामी मी मोठेपणी एकदाच अगदी जवळून पाहिले. २०२५ च्या जानेवारीत, प्रयागचा महाकुंभ १३ तारखेला सुरू झाला त्याच्या दोनेक दिवस आधी, नागपूर स्टेशनवर. दक्षिणेतून प्रयागकडे जाणाऱ्या कितीतरी गाड्या आपल्याकडूनच जातात त्यामुळे प्लॅटफॉर्म नुसता भगवा झाला होता. मी आत्याला घ्यायला गेले होते, तिची गाडी दोन तास लेट. थंडी मरणाची. बाकावर एक म्हातारे स्वामी बसलेले, पिशवी खाली जमिनीवर पण दंड मांडीवर आडवा, भगव्या कापडात गुंडाळलेला, आणि गर्दीत कोणाचा धक्का लागेल असं वाटलं की दोन्ही हातांनी तो उभा धरायचे, तान्ह्या बाळाला धरतात तसा. मी नमस्कार करून विचारलं, हिंदीतच, तर नाव सांगितलं, शेवटी "तीर्थ" होतं. माझ्याजवळ आत्यासाठी घेतलेली सहा संत्री होती, ती पुढे केली. त्यांनी सगळी ओंजळीत घेतली, डोक्याला लावली, आणि त्यातली चार परत माझ्या हातात ठेवली. "आज के लिए दो बहुत हैं, माई." बस. गाडी आली, गेले. मला आजीची इतकी आठवण आली की मी आत्याला ते सांगताना रडले, आणि आत्या ते ऐकून रडली, आम्ही दोघी ऑटोत.

तीर्थ, आश्रम, सरस्वती या नावांचे संन्यासीच मुख्यतः दंड घेतात. बाकीच्यांचा मार्ग वेगळा. जुन्या ग्रंथांत तर संन्याशांच्या पण पायऱ्या सांगितल्या आहेत, कुटीचक म्हणजे घराजवळच झोपडी करून राहणारा, बहूदक म्हणजे तीर्थातीर्थांचं पाणी पिणारा, सतत फिरता, त्याच्या वर हंस, आणि परमहंस, ज्याचं चिन्हही सुटलं. एरवी एका गावात रेंगाळायचं नाही, फक्त आषाढी पौर्णिमेपासून पावसाळ्यात चातुर्मास एका जागी.

नागा साधूंबद्दल मी जास्त लिहीत नाही कारण कुंभमेळा आला की टीव्हीवर तेच असतं. तेरा आखाडे आहेत, त्यातले सात शैव, तीन वैष्णव, बाकी उदासीन आणि निर्मल, म्हणजे गुरू नानकांच्या परंपरेशी जोडलेले. आपल्या नाशिकच्या सिंहस्थात शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तात नाहतात आणि वैष्णव नाशिकला रामकुंडात, पूर्वी दोघांत मोठी भांडणं झाली म्हणून. एवढंच सांगते की नागा होण्याआधी विरजा होम, म्हणजे संन्यास घेतानाचा होम असतो आणि माणूस स्वतःचं पिंडदान स्वतःच्या हाताने करतो. अंगाला राख आहे हे कॅमेऱ्याला दिसतं. पण या माणसाने आपलं श्राद्ध उरकलेलं आहे, कागदोपत्री नाही तरी स्वतःपुरता तो मेलेला आहे, हे माहीत असलं की त्याच्याकडे बघून सेल्फी काढावासा वाटत नाही.

आणि अघोरी. या शब्दाचं आपण जे केलं आहे त्याचं मला फार वाईट वाटतं. आपल्या नागपुरातच, २०१३ च्या डिसेंबरात हिवाळी अधिवेशनात जादूटोणाविरोधी कायदा पास झाला. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्टला खून झाला होता, त्यांनी कित्येक वर्षं त्या कायद्यासाठी धडपड केली होती. तो कायदा हवाच होता, मी त्याच्या पूर्ण बाजूने आहे. त्याच्या लांबलचक नावात "अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा" असे शब्द आहेत, कारण मराठीत अघोरी म्हणजे भयंकर असाच अर्थ रूढ झाला. पण मूळ शब्द बघा, घोर म्हणजे भयानक, अघोर म्हणजे जो भयानक नाही तो. सद्योजात, वामदेव, अघोर, तत्पुरुष, ईशान ही महादेवाची पाच मुखं, रुद्राभिषेकात आपण ऐकतो. अघोर पंथाचं मोठं स्थान काशीला, बाबा कीनाराम यांचं. स्मशानात राहणं त्यांच्यात आहे, कशाचीच किळस, कशाचीच भीती उरू नये म्हणून. आणि त्याच परंपरेतल्या अवधूत भगवान राम यांनी १९६१ साली काशीला श्री सर्वेश्वरी समूह काढून कुष्ठरोग्यांची सेवा केली. ज्या माणसाला आपले सख्खे लोक शिवत नव्हते त्याला हात लावणारे लोक हे. त्यांच्या नावाने जे मडकी-लिंबू-बाहुल्या घेऊन पैसे उकळतात त्यांना जेल व्हावी, पण अघोर शब्द त्यांचा नाही.

आपल्या विदर्भाचं मला नेहमी आश्चर्य वाटतं, की आपल्याकडचे जे सगळ्यात मोठे झाले ते यातल्या कुठल्याच खणात नीट बसत नाहीत. शेगावचे गजानन महाराज, २३ फेब्रुवारी १८७८ ला दिसले ते उष्ट्या पत्रावळींवरची शितं वेचताना. कुठून आले, गुरू कोण, आखाडा कोणता, काहीच नाही, आजीचा प्रश्न तिथे चाललाच नसता. अवधूत म्हणतात ते हे. सगळं झटकून टाकलेला, दंड, माळ, टिळा, पंथ, सगळंच. भागवतात एका अवधूताची गोष्ट आहे, त्याने चोवीस गुरू केले आणि त्यात पृथ्वी, वारा, मधमाशी, अजगर पण होते. अवधूताला ओळखायला कुठलीच खूण नाही आणि म्हणून तिथे फसायची पण सगळ्यात जास्त भीती, कारण विचित्र वागणारा प्रत्येक जण अवधूत नसतो. शेगावला आमच्या घरातली माणसं चार पिढ्या जाऊन राहिली आहेत, मी श्रद्धेने जाते, आणि तरी हे लिहिते.

गाडगेबाबा तर त्याहून वेगळे. हातात खराटा, डोक्यावर गाडगं, अंगावर चिंध्या. १९०५ ला घर सोडलं पण संन्यास घेतला नाही, मी कोणाचा गुरू नाही, माझा कोणी शिष्य नाही असं सांगत राहिले. आजीचं माहेर अमरावतीकडचं, तिने लहानपणी त्यांचं कीर्तन ऐकलं होतं. ती सांगायची की दिवसभर एक माणूस गाव झाडत होता, बायांनी त्याला कोण कुठला समजून भाकर दिली, आणि रात्री कंदिलाच्या उजेडात तोच उभा राहून "गोपाला गोपाला, देवकीनंदन गोपाला" म्हणायला लागला तेव्हा गावाला कळलं. तिच्या आईने त्याला शिळी भाकर दिली होती. आजीच्या आईला ते शेवटपर्यंत लागून राहिलं. मला वाटतं आजीने दारातल्या प्रत्येकाला शीग भरून मापटं दिलं ते त्या शिळ्या भाकरीमुळे असेल, तिने तसं कधी म्हटलं नाही, हा माझा अंदाज.

तुकडोजी महाराज आहेतच, ज्यांच्या नावाचं आपलं विद्यापीठ आहे, खंजिरी घेऊन गावोगाव फिरणारे. आणि गुलाबराव महाराज, नऊ महिन्यांचे असताना डोळे गेले, जेमतेम ३४ वर्षांचं आयुष्य, त्यात शंभरावर ग्रंथ, आणि स्वतःला ज्ञानेश्वरांची मुलगी म्हणवून घ्यायचे, बायकांसारखा शृंगार करायचे कृष्णासाठी. त्यांच्याबद्दल वेगळं लिहायला पाहिजे, इथे दोन ओळींत बसणार नाहीत. आणि रिद्धपूरचे महानुभाव, ज्यांच्यात तेराव्या शतकापासून बायका संन्यासिनी आहेत, मराठीतली आद्य कवयित्री महदाइसा त्यातलीच. लहानपणी महालात काळ्या वस्त्रातल्या त्या बाया जाताना दिसायच्या, ताठ, कोणाकडे न बघता, आणि मला तेव्हापासून माहीत होतं की हे सगळं फक्त पुरुषांचं नाही.

वारकऱ्यांना तर आपण साधू म्हणतच नाही. कारण ते घरी असतात. एकनाथ संसारी, तुकाराम वाणसामानाचं दुकान चालवणारे, सावता माळी मळ्यात, गोरोबा चाकावर. घर न सोडता आत सुटायचं, ही महाराष्ट्राने स्वतः काढलेली वाट आहे आणि मला ती सगळ्यात अवघड वाटते.

आता भोंदू लोकांबद्दल, कारण ग्रुपवरच्या लोकांची भीती अगदीच खोटी नाही. सहा-सात वर्षांपूर्वी माझ्या काकांकडे दोन जण आले होते, भगवे रेशमी कपडे, गळ्यात लिंबाएवढे रुद्राक्ष, बाहेर गाडी उभी. हिमालयातून आलो म्हणाले. घरावर सावट आहे म्हणाले आणि अकरा हजार घेऊन गेले. काकूने अंगठी पण काढून दिली होती, ती काकांनी परत ओढली म्हणून वाचली. मी नंतर विचारलं, काका, तुम्ही त्यांना गुरू कोण, आखाडा कोणता, मढी कोणती, काही विचारलं का? तर म्हणे साधूला असं कसं विचारायचं. अहो, साधूच साधूला हेच विचारतात! दशनाम्यांच्या बावन्न मढ्या, म्हणजे घराणी, आणि खरा असेल त्याला ती आपल्या आईच्या नावासारखी पाठ असते. आजीचा "कोठचे?" हा आदराचा प्रश्न होता आणि कुलूप पण होतं. ज्याला उत्तर आहे त्याला तो प्रश्न आवडतो. आपण तो विचारणं सोडलं, म्हणून रेशमी कपडेवाला आत सोफ्यावर बसतो आणि किंगरीवाला नालीवर.

आणि न विचारण्याची किंमत काय होते ते १ जुलै २०१८ ला दिसलं. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मंगळवेढ्याकडचे पाच जण, नाथपंथी डवरी गोसावी, भिक्षा मागत आलेले. मुलं पळवणारी टोळी आली आहे अशा अफवा तेव्हा व्हॉट्सॲपवर फिरत होत्या. लोकांनी त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं, पाचही गेले. मला ती बातमी वाचलेली खुर्ची, ती वेळ, सगळं आठवतं. कारण डवरी गोसावी आमच्या दारावर यायचे, आजी त्यांना बसवायची. डवरी गोसावी, किंगरीवाले, नाथजोगी, बाळसंतोषी, आणि आपल्याकडचे गारपगारी, जे गारांपासून पीक राखतात म्हणून गाव त्यांना धान्य द्यायचं, ही सगळी नाथांच्या झाडाची पानं. सरकारच्या यादीत ते भटकी जमात म्हणून आहेत. आणि ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायात माउली स्वतः सांगतात की हे ज्ञान आदिनाथांकडून मत्स्येंद्रांना, तिथून गोरक्षांना, गहिनींना, निवृत्तीला आणि मग मला मिळालं. म्हणजे ज्या ग्रंथाला आपण देवघरात हळदकुंकू लावतो त्याची वाट गोरखनाथांवरून येते, आणि गोरखनाथांचं गाणं म्हणत येणाऱ्याचा फोटो आपण "संशयित" म्हणून टाकतो.

हे मी ग्रुपवर लिहिलं. भांडायला नाही, शांतपणे, राईनपाड्यासकट. बराच वेळ कोणी काहीच बोललं नाही. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, आमच्या तुमसरकडे पण यायचे. मग अजून एकाने वासुदेवाची आठवण लिहिली. ज्याने फोटो टाकला होता त्याने तो डिलीट केला, काही न लिहिता.

पण ते नंतर. त्या दिवशी मी बाबाजींना म्हटलं, तो कागद ठेवा आत, किंगरी वाजवता का? त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, तोवर पाहिलंच नव्हतं. कागदाच्या चार घड्या पुन्हा नीट घातल्या, पिशवीत ठेवला, पिशवी झोळीत, आणि मग किंगरी मांडीवर घेऊन खुंटी पिळली. गोपीचंदाचं गाणं होतं, आई मैनावती त्याला राज्य सोडून जोगी हो म्हणते ते. बाजूने स्कूल बस गेली, टँकर गेला, अर्धं मला ऐकूच आलं नाही. वॉचमन गेटमधून पाहून राहिला होता, मग खुर्ची सोडून रस्त्याच्या अलीकडे येऊन उभा राहिला. तो पण गोंदियाकडचा पोरगा आहे.

मी वर जाऊन तांदूळ आणले. आजीचं मापटं माझ्याकडेच आहे, त्यात मी इतके दिवस पेन ठेवायचे, ते रिकामं केलं, धुतलं, पुसलं. शीग भरली. त्यांनी झोळी पुढे केली, तांदूळ पडताना "अलख निरंजन" म्हणाले, आणि विचारलं की धान निघालं की पुन्हा फेरी असते, येऊ का. मी वॉचमनला हाक मारली आणि त्याच्यासमोर सांगितलं की या म्हणून.